दिगू धुरीची हरलेली गोळी

हरीचं नाव घ्या मंडळी, मोठ्यानं घ्या! आणि मोबाइल पिशवीत घाला. दोन्ही एकदम जमत नाही, मी करून बघितलंय. हां! बसा. मागच्यांनो, पुढे या. आणि पुढच्यांनो — तुम्ही झोपू नका, म्हणजे झालं!

आज मी एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. बघा, एखाद्या गोष्टीनं आपल्याला एकदा तारलं. खरोखर तारलं हो, खोटं नाही! आणि पुढे एक दिवस ती तारेनाशी झाली. मग काय करायचं? धरून ठेवायची? का सोडायची? सोडली तर लोक म्हणणार — बघा, उपकार विसरला. धरली तर आपण बुडणार. सांगा की!

ते खांबाला टेकलेले काका म्हणतायत, धरून ठेवायची. बरोबर आहे काका! तुमची स्कूटर पाहिली मी मघाशी देवळाबाहेर. दोघं ढकलत होते!

हसा, हसा. पण प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. कारण मी आज ज्याची गोष्ट सांगणार आहे, तो या प्रश्नापायी वर्षभर एकटा पडला. घरात आई होती. कंपनीत माणसं होती. समोर तर हजार-हजार डोळे होते! आणि तरी एकटा. असा एकटा, की जेवताना भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

मंडळी, ऐका!

नेरवण नावाचं गाव. तिथला दिगू धुरी. दिगंबर — आजोबांचं नाव ठेवलेलं. कामधंदा काय? तर दशावतारी! तुम्हाला दशावतार मी काय सांगायचा? मी घाटावरचा माणूस, तुमची मालवणी माझ्या तोंडात नीट बसत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. पण माझ्याबरोबर पखवाजाला जे बसलेत ते पुण्याचे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. दशावतारात बाईचं कामही पुरुषच करतो. लिहिलेली भाषणं नाहीत, जागच्या जागी बोलायचं. आणि ज्याचा चेहरा त्यानंच रंगवायचा! आपापली पेटी, पेटीच्या झाकणात आपापला आरसा. मांडी घालून बसायचं आणि तासभर स्वतःचंच तोंड निरखायचं.

आता मला सांगा, ज्याचं तोंड फोडांनी भरलंय, त्याला हा तासभर कसा जात असेल?

होय! दिगूला मुरुमं होती. तुम्ही म्हणाल, बुवा, कीर्तनात मुरुमं? मग काय! देवानं चेहरा दिला, चेहऱ्यावर मुरुमं दिली, कीर्तनानं तेवढी गाळायची का? आणि ही कॉलेजच्या पोरांना येतात तसली नव्हेत, दोन दिवसांत जाणारी. मोठे, लाल, दुखरे फोड. गालावर, हनुवटीवर, पार मानेपर्यंत. कूस बदलली तरी ठणका. दाढी करायची म्हणजे शिक्षा!

नवा-नवा कंपनीत आला तेव्हा सख्यांची, दासींची कामं करायचा. मागे उभं राहायचं, मान खाली. बरंच होतं म्हणा त्याला ते. पण गळा काय होता पोराचा! आणि रडणं! रंगमंचावर दिगू रडला की बाया पदर डोळ्याला लावायच्या. कंपनीचे मालक आबा मेस्त्री. आबांनी ते हेरलं. म्हणाले, "दिगू, फुडल्या हंगामाक राणी तू करूची. पण तोंडाचा कायतरी बघ रे. रंग बसाक नाय तुजा."

मग दिगू गेला तालुक्याला डॉक्टरकडे. डॉक्टर चांगले. त्यांनी दोन औषधं दिली. एक गोळी — जंतू मारणारी, अँटिबायोटिक. आणि एक मलम, रात्री लावायचं. काय त्याचं नाव! बेन्झॉईल पेरॉक्साइड! बघा, एका दमात म्हणालो, टाळी नाही का एक? डॉक्टर म्हणाले, दोन्ही एकत्र घ्यायची. तीन महिन्यांनी मला येऊन दाखवायचं. आपल्या मनानं पुढे चालू ठेवायचं नाही, आपल्या मनानं बंद करायचं नाही.

दिगू म्हणाला, होय.

आपण डॉक्टरला होयच म्हणतो! देवाला तरी कुठं नाही म्हणतो? दारात पाय ठेवला की विसरतो, ती गोष्ट वेगळी.

आणि मंडळी, गुण आला! पहिले काही दिवस काही नाही, मग एक-एक फोड बसत गेला. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या तोवर गाल स्वच्छ! रंग असा बसला, की आबा बघतच राहिले. शालू नेसून, अंबाड्यात अबोलीचा गजरा घालून दिगू राणी होऊन उभा राहिला, आणि मंडपात एकदम शांतता. बाया आपसात म्हणतात, "खरोच बापयो मा गो ह्यो? माका खरा वाटणा नाय!" पुरुष आहे हे खरं वाटेना त्यांना!

तर या गोळीनं दिगूला तारलं. हे विसरू नका. खोटी नव्हती ती गोळी!

आता चूक कुठे झाली, ऐका. ही चूक दुसऱ्या कुणी केलीच नसती. दुकानदार करणार नाही, मास्तर करणार नाही. ही दशावतारीच करणार!

ते जे मलम होतं ना, त्याचा एक अवगुण होता. कापडाला लागलं की कापडाचा रंग उडायचा. टॉवेल असो, उशी असो — पांढरे डाग! आता डॉक्टरनं सांगितलं होतं, जुनी पांढरी उशी घ्या. पण प्रवासात कुठली आली पांढरी उशी? ही मंडळी टेंपोत निजायची, कपड्यांच्या गाठोड्यावर डोकं टेकून! आणि गाठोड्यात काय? कंपनीचा शालू! एक दिवस आबांनी शालू उलगडला. जांभळ्या शालूच्या काठावर पांढरेफटक डाग.

"ह्या कापडाक काय झाला रे? कोणी केला ह्या?"

दिगूनं मान खाली घातली. आणि त्या दिवसापासून मलम बंद! कुणाला विचारलं? कुणालाच नाही. त्याचा हिशेब सोपा होता. गुण देते ती गोळी, शालू बिघडवतं ते मलम. मग मलम कशाला? तुम्ही-आम्ही तरी दुसरं काय केलं असतं?

आणि दुसरी चूक. जत्रांचा हंगाम सुरू झाला की गोळी सुरू. पावसाळा लागला, कंपनी बसली, की गोळी बंद. फोड परत आले तरी शेतात कोण बघतंय? पुन्हा दिवाळी, पुन्हा गोळी. डॉक्टरकडे परत गेलाच नाही. दुकानात जायचं, रिकामं पाकीट दाखवायचं — हे द्या. दुकानदारही देतो! हंगामाची गोळी! रंगाची डबी, खोबरेल तेलाची बाटली, आणि गोळी — तिन्ही एकाच पेटीत.

अहो, खोबरेल तेल आलंच की! रंग काढायचा कशानं? तेल चोपडायचं, फडक्यानं पुसायचं, आणि तसंच तेलकट तोंड घेऊन झोपायचं. पिढ्यान्पिढ्या तसंच! आता ज्याची कातडी गुळगुळीत आहे, त्याला चालून जात असेल. दिगूच्या कातडीची भोकं आधीच बुजलेली, त्यावर रोज तेल!

चौथा हंगाम आला. दिगूनं गोळी सुरू केली. वाट बघितली. काही नाही. आणखी वाट बघितली. काहीच नाही! उलट नवे फोड, पहिल्यापेक्षा मोठे. आता शहाण्या माणसानं काय करावं? दिगूनं काय केलं, सांगू? एकाच्या दोन घेतल्या! पोटात आग पडायला लागली. उन्हात गेला तर तोंड भाजल्यासारखं लाल. तरी घेतोय! का? कारण हिनंच तर मला राणी केलं! हिच्यावर अविश्वास दाखवायचा? गोळी कशी चुकेल? चुकलं असेल तर माझंच चुकलं असेल. माझंच काहीतरी वाईट असेल.

मंडळी, इथं जरा थांबतो. फोड दुखतात ते गालाला. पण "माझंच काहीतरी वाईट आहे" — हे कुठं दुखतं हो?

आणि लोक! लोकांना काय! एक म्हणतो, पोट साफ ठेव. दुसरा म्हणतो, मासे सोड. तिसरा म्हणतो, लग्न कर, आपोआप जातील! आई देवळात जाऊन गाऱ्हाणं घालून आली. हळद झाली, चंदन झालं, लिंबू चोळून झालं — त्यानं तर कातडीच सोलवटली! सगळ्यांनी उपाय सांगितले. शेजारी येऊन कुणी बसलं नाही. उपाय सांगायला सोपा असतो ना! लांबून सांगता येतो.

मग दिगूनं तोंड लपवायला सुरुवात केली. प्रयोग संपला की तेलानं रंग पुसायचा, गळ्यातला पंचा नाकापर्यंत ओढायचा, आणि टेंपोत सगळ्यात मागे जाऊन बसायचं. माणसं हसतायत, पत्ते खेळतायत, हा बाहेर बघतोय. पुढे-पुढे तर रंग पुसेचना! सकाळ झाली तरी राणीचा रंग तसाच. कारण रंग असला की माणसं बोलतात. रंग उतरला की कुणी नाही.

पेटीवाले, सूर द्या जरा. ही ओळ माझीच आहे, बरी नसली तर मला बोला, पेटीवाल्यांना नको —

*रंग लावता सभा भरे,*
*रंग पुसता कोण उरे!*

म्हणा माझ्याबरोबर... हां. पुरे. जास्त म्हटलीत तर चाल बिघडेल.

आता एक म्हातारी होती, काशीबाय. जिथं जत्रा असेल तिथं नातवाला घेऊन यायची. प्रयोग झाला की राणीच्या हातात फुलं द्यायची, दोन्ही हात धरायची आणि म्हणायची, "गो बाय, तू रडतंस तेवा माझ्या मनातला सगळा भायर येता. तूच माजी राणी!" दिगू वर्षभर त्या शब्दांवर जगायचा हो! खरंच सांगतो. भरल्या जगात तेवढे दोन हात त्याला धरत होते.

एकदा काय झालं, दिगू सकाळी एसटी स्टँडवर बसलेला. रंग नाही, पंचा घसरलेला, डुलकी लागलेली. जाग आली तर समोर काशीबाय! नातू दिगूच्या बाकड्यावर बसायला आलेला. दिगूच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. ओळखीचं माणूस! तो काही बोलणार, तेवढ्यात म्हातारीनं नातवाचा दंड धरून मागे ओढला.

"थंय बसा नको रे बाबू! कसली लागण आसतली. हयसर ये."

काल रात्री तेच हात तिनं धरले होते!

अहो, मुरुमांची लागण होत नाही. बाकड्यावर बसून होत नाही, हात धरून होत नाही. पण ते तिला कोण सांगणार? दिगूनं पंचा वर ओढला आणि एसटी आली तरी चढला नाही. चालत गेला गावाला. उन्हातनं, तोंड झाकून.

तिला शिव्या देऊ नका, मंडळी. ती वाईट बाई नव्हती. तुमच्या-माझ्यासारखीच होती!

पुढे ऐका. एका गावात दुपारचा प्रयोग होता, कुणाच्या तरी घरच्या पूजेचा. अंगणात मांडव, उन्हाची काहिली. राणी वनवासाला निघालीय, लेकराला मिठी मारून रडतेय. लेकरू म्हणजे काय, उशीला कापड गुंडाळलेलं. दिगूनं ते गालाशी धरलं, घट्ट — आणि गालावरचा फोड फुटला! रंगाखालून रक्त आलं. आधी एक ओघळ. मग दुसरा. पांढऱ्या-गुलाबी गालावरून रक्त, रंग आणि डोळ्यांतलं पाणी एकत्र वाहतंय. दिगूला तर कळ अशी गेली, की तोंडातनं खराखुरा हुंदका फुटला.

आणि मांडवात काय झालं असेल? टाळ्या!

टाळ्या पडल्या हो! लोकांना वाटलं, ही काय कला आहे! रक्ताचे अश्रू! कुणीतरी ओरडलं, "व्वा रे व्वा! असा काम बघूक नाय कधी!" आणि दिगू मधोमध उभा. पहिल्यांदा खरं रडतोय, आणि त्याचं खरं कुणाला दिसत नाहीय. मंडळी, माणसानं अरण्यात एकटं पडावं, ते परवडलं. टाळ्यांत एकटं पडू नये.

प्रयोग संपवला त्यानं. अर्ध्यात सोडला नाही, दशावतारी तो! पण शालू सोडला, अंगात सदरा घातला, आणि रंगासकटच तालुक्याच्या गाडीत बसला. लोक बघतायत — खाली पँट, वर राणीचं तोंड! बघू देत. दवाखान्यात गेला. या वेळी कातडीच्या डॉक्टर, नलिनी प्रभुदेसाई मॅडम.

गाल पुढे केला आणि म्हणतो, "मॅडम, हयसरच तेवढा बघा. रंग नको काढूक."

मॅडम म्हणाल्या, "मी राणीला औषध देत नाही. तोंड धुऊन या."

नाही म्हणाला. त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर माणसं खोळंबलेली, तरी पेन उचललं नाही! शेवटी उठला बिचारा. नळाखाली साबणानं तोंड धुतलं. सगळं पाणी गुलाबी. खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, उजेडात, डोळे मिटून. मॅडमनी हनुवटीला बोट लावून चेहरा इकडे वळवला, तिकडे वळवला. बघितलं. तोंड वाकडं केलं नाही, च्-च् केलं नाही, हळद सुचवली नाही. नुसतं नीट बघितलं! आणि दिगूच्या मिटल्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. कारण कित्येक दिवसांत त्याचा चेहरा कुणी बघितलाच नव्हता.

"गोळी घेत होतात?"

"होय. नेमान."

"नेमानं घेतलीत, तर मग हरली कशी?"

मग सांगितलं त्यानं. सगळं! मलम का सोडलं, शालूचे डाग, हंगामाची गोळी, दोन-दोन गोळ्या, खोबरेल तेल. मॅडमनी कपाळावर हात मारला का? नाही. म्हणाल्या, "दिगंबर, तुमच्यात काही वाईट नाही. ऐका. गोळीनं जंतू मारले, पण सगळे नाही मेले. जे चिवट होते ते उरले. तुम्ही गोळी थांबवलीत, त्यांची पिल्लावळ वाढली. परत सुरू केलीत, परत त्यातले चिवट तेवढे उरले. चार हंगाम तुम्ही त्यांना तालीम दिलीत! आता त्यांना त्या गोळीचं काही वाटत नाही. आणि ते मलम होतं ना, ते याच्यासाठीच दिलं होतं. त्या मलमाला जंतू सरावत नाहीत. गोळीच्या हातून सुटलेल्यांना ते गाठायचं. तुम्ही गोळीचा जोडीदार काढून घेतलात. एकटी पडली ती, आणि हरली."

एकटी पडली आणि हरली! दिगू बघतच राहिला. गोळीची गोष्ट चाललीय का माझी?

पण सवय कुठं जाते! लगेच म्हणाला, "मग दुसरी दिया. त्याच जातीची, पण जोराची."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तिलाही तुम्ही तालमीलाच लावाल. आता रस्ता बदलायचा."

आणि त्यांनी दुसरंच औषध सांगितलं. आयसोट्रेटिनॉइन! नाव म्हणेपर्यंत भजनाची एक ओळ होईल! ते जंतूंच्या मागे लागत नाही, कातडीतलं तेलच कमी करतं. आधी रक्त तपासायचं, मधे-मधे परत तपासायचं. ओठ फुटतील, डोळे कोरडे पडतील, मन फार उदास वाटलं तर लपवायचं नाही, येऊन सांगायचं. सुरुवातीला फोड वाढल्यासारखे वाटतील, घाबरायचं नाही. कित्येक महिने लागतील. आणि बायांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो, कारण मॅडमनी मला तसं बजावलंय. पोटात बाळ असेल किंवा राहण्याचा संभव असेल, तर या गोळीला हात लावायचा नाही. आणि कीर्तन ऐकून कुणीही दुकानात पळायचं नाही! मी बुवा आहे, डॉक्टर नव्हे!

मग शेवटची अट. मॅडम म्हणाल्या, "हा हंगाम तोंडाला रंग नाही."

संपलं! मंडळी, आता बघा हां, काय पणाला लागलं. रंग नाही म्हणजे राणी नाही. राणी नाही म्हणजे फुलं नाहीत, काशीबायचे दोन हात नाहीत, टाळ्या नाहीत. माणूस म्हणून दिगूला कुणी ओळखतच नव्हतं! गोळी सोडायची तर सोडतो हो, पण रंग? रंग सोडला तर मी उरतो का?

आबांकडे गेला. उघड्या तोंडानं गेला. आबा काही राक्षस नव्हेत. म्हणाले, "राणी दुसऱ्याक देवची लागतली. पण तू कंपनी सोडू नको. झांज धर. बसान ऱ्हव."

झांज! आता झांजवाला कुठं बसतो? रंगमंचावरच! बाजूला, पेटीवाल्याच्या शेजारी, भर दिव्यांच्या उजेडात. आणि बिनरंगाचा! जो माणूस एसटी स्टँडवर पंचा ओढून बसायचा, त्यानं आता रोज हजार माणसांसमोर उघडं तोंड घेऊन बसायचं.

बसला! पहिले काही आठवडे तर फोड आणखी फुलले. ओठ फुटून रक्त यायचं. समोर दुसरा पोरगा राणी होऊन रडतोय, हा झांज वाजवतोय. आणि लोकांनी बोट दाखवलं का? हसले का? नाही हो! ते झालं असतं तर बरं. त्यांनी बघितलंच नाही! झांजेकडे कोण बघतं?

आणि एका जत्रेत प्रयोग संपला, तशी काशीबाय आली. हातात फुलं. दिगूच्या मांडीला तिचं लुगडं घासून गेलं, इतक्या जवळनं गेली. नव्या राणीचे दोन्ही हात धरले, आणि म्हणाली, "गो बाय, तू रडतंस तेवा माझ्या मनातला सगळा भायर येता. तूच माजी राणी!"

तेच शब्द! एक अक्षर इकडं-तिकडं नाही.

दिगूनं झांज फडक्यात गुंडाळली. कुणाला जाऊन सांगणार, की बाई, ते शब्द माझे होते? ते त्याचे कधी नव्हतेच! रंगाचे होते. रंग दुसऱ्याच्या गालावर गेला, शब्द त्याच्यामागून गेले.

दुसऱ्या दिवशी घरी गेला तो ठरवूनच. हे सगळं बस झालं. जुनी गोळी आणायची, रंग लावायचा, आतून सडलो तर सडलो! दुपारची वेळ. आई पडवीत तांदूळ निवडत बसलेली. तिनं मान वर केली. सवयीनं बोलणार होती — अरे, अमक्यानं तमकं लाव म्हणून सांगितलंय. तोंड उघडलंही. आणि का कोण जाणे, मिटलं. सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "दिगू, पंचो काढ. तुजा तोंड माका दाखय. वर्स झाला, माका दिसूक नाय."

काढला त्यानं. बसला तिच्यासमोर. आईनं बघितलं. फोड बघितले, फुटलेले ओठ बघितले, सोललेली कातडी बघितली. आणि म्हणाली, "तू बापाशीसारखो दिसाक लागलंस रे."

मंडळी! त्याला आरशात वर्षभर फोड दिसले. आईला नवरा दिसला, गेलेला.

दुकानात गेला नाही मग तो. तिथंच भिंतीला टेकून बसला. आई तांदूळ निवडत राहिली. तो भिंतीकडे तोंड करून नाही बसला. भिंतीला पाठ लावून बसला!

लागले, महिने लागले. मॅडमकडे नेमानं गेला. फोड बसले. खड्डे राहिले. ते जातात थोडे, सगळे नाही जात, खोटं कशाला सांगू? पुढल्या हंगामाला आबांनी राणी परत दिली. मॅडमनीही हो म्हटलं. रंग पातळ लावायचा, तेल नाही, साबण-पाण्यानं लगेच धुवायचं. तर आता प्रयोग संपला की दिगू काय करतो? माणसं राणीभोवती जमलेली असतात ना, त्यांच्या देखत बादलीशी बसतो आणि तोंड धुतो. राणी वाहून जाते, खड्ड्यांचा दिगू वर येतो. मग बरीच माणसं निघून जातात हो. फुलं तशीच हातात घेऊन जातात! दोन-चार थांबतात. कधी एखादाच थांबतो, कधी कुणीच नाही. दिगू तोंड पुसतो आणि जे थांबलेत त्यांना म्हणतो, "मी दिगंबर. बसा."

आता तुम्ही! तुम्हाला वाटलं, बुवांनी दिगूची गोष्ट सांगितली, आपण सुटलो. आपल्या गालावर काय आहे? काही नाही!

मग मी विचारतो. या मांडवात दोन भाऊ बसलेत. नावं घेत नाही. एक उजवीकडच्या खांबाशी, एक पार डावीकडे, चपलांजवळ. कधीतरी भांडण झालं, थोरल्यानं अबोला धरला. आणि तेव्हा अबोला लागू पडला हो! धाकटा आठवड्यात रडत आला. गुण आला! मग पुढच्या भांडणाला पुन्हा अबोला. त्याच्या पुढच्याला पुन्हा तोच. आता? आता धाकट्याला काही वाटेनासं झालंय. थोरल्यालाही वाटेनासं झालंय. अबोला चालू आहे, गुण कधीच गेलाय, आणि दोघंही वाढीव घेतायत! वर रंग काय छान. मांडवात नमस्कार-चमत्कार, कुणाला काही दिसत नाही. मी दुपारी एकाकडे जेवलो. दुसऱ्याकडे चहा घेतला. दोघांनीही मला एकच विचारलं, "बुवा, त्येची तब्येत बरी हा मा?"

अहो, मला काय विचारताय? मी उद्या सकाळच्या गाडीनं जाणार!

औषध हरलंय. बदला. मी आरतीला आणखी थोडा वेळ घेतो, पेटीवाले, जरा हळू चाल धरा. सगळ्यांनी डोळे मिटा. उजवीकडच्या खांबाजवळनं चपलांपर्यंत कुणाला चालत जायचं असेल, तर कुणी बघणार नाही. म्हणा — हरी, हरी...